सहावा खडा

ट्रॅक्टरवरून यंत्र उतरवलं तेव्हा खडेमास्तर विटांच्या गाऱ्यात पोटरीपर्यंत उभे होते. उजाडल्यापासून त्यांचे चार फेरे झाले होते, दोन राहिले होते. मुकादम खड्ड्याच्या काठावर आला आणि कमरेवर हात ठेवून म्हणाला, "मास्तर, या बाहेर. आजपासून पायांना सुट्टी."

मास्तरांना वाटलं, स्वारी आज खुशीत दिसते. "दोन फेरे आहेत अजून," ते म्हणाले आणि त्यांनी पुढचा पाय ठेवला.

"अहो, फेरे कसले घेऊन बसलात! हे बघा मालकांनी काय आणलंय."

मास्तरांनी बघितलं. एक लोखंडी पिंप, वर भलंमोठं तोंड, बाजूला काळं इंजिन. त्यांना त्यातलं काही कळलं नाही, म्हणून त्यांनी आणखी एक पाऊल ठेवलं.

भट्टीवर माती तुडवायचं काम तीस वर्षं त्यांच्याकडे होतं. माती, राख आणि पाणी खड्ड्यात एकत्र करायचं आणि अनवाणी तुडवून तुडवून मऊ करायचं, मग बायकांनी साचे भरून विटा थापायच्या. तुडवणारे पुष्कळ असतात. पण मास्तरांच्या तळव्यापासून चुनखडीचा वाटाण्याएवढा खडाही लपत नसे. चुनखडी विटेत राहिली, की भाजल्यावर जरा ओल लागताच ती फुगते आणि वीट फोडते, हे भट्टीवर सगळ्यांना ठाऊक होतं. खडा शोधायचा कसा, हे मात्र एकट्या मास्तरांना. शाळेची पायरी कधी न चढलेला माणूस असा मास्तर झाला तो कायमचा.

त्यांची मुलगी पाण्याची कळशी घेऊन आली ती जागच्या जागी थबकली. सत्तावीस वर्षांची, अंगानं काटक. सकाळी आईबरोबर कच्च्या विटा उलट्यासुलट्या करून वाळवायची आणि बाजाराच्या दिवशी आसपासच्या गावांत रस्त्यावर नाचायची. एकदा गरगर फिरायला लागली की थांबतच नसे, म्हणून सगळे तिला भिंगरी म्हणत.

"बाबा, काय झालं?"

मुकादमानं दोन गड्यांना खूण केली. ते दोघे खड्ड्यात उतरले, मास्तरांच्या काखेत हात घातले आणि आजाऱ्याला उचलावं तसं त्यांना काठावर आणून ठेवलं. ओढाताण नाही, शिवीगाळ नाही. एक जण तर "सांभाळून हं," असंही म्हणाला. भिंगरीला त्या "सांभाळून"चाच जास्त धक्का बसला. कळशी हातात तशीच राहिली आणि पाणी तिच्या पावलांवर सांडत गेलं.

इंजिन फटफटलं. वरून माती टाकली, पाणी ओतलं, आणि मास्तरांना अर्धा दिवस लागायचा तेवढा गारा चहा पिऊन होईपर्यंत खालून बाहेर पडला. सगळी भट्टी आ वासून बघत राहिली. मास्तर पुढे झाले, त्यांनी त्या गाऱ्यात पाय घातला, डोळे मिटले आणि म्हणाले, "यात खडा आहे."

"यंत्राला खडा टोचत नाही, मास्तर," मुकादम म्हणाला, आणि गडी हसले.

*

तिसऱ्या दिवशी बाजार होता. भिंगरीची जागा ठरलेली होती: दोरवाला आणि बादल्यावाली यांच्या मधली, जेमतेम चार पावलांची. तिनं स्पीकर लावला आणि नाचली. तीन गाणी, तीन नाच. घरी बाप ओट्यावर सुन्न बसलेला असताना नाचायचं म्हणजे काय, ते नाचणाऱ्यालाच ठाऊक. पण तिच्या अंगाला सवय होती. बघ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि गर्दी पांगली. एक चष्मेवाल्या बाई तेवढ्या उभ्या राहिल्या.

"छान नाचतेस," बाई म्हणाल्या. "पहिला नाच मी पाहिलेला आहे. दुसराही. तिसऱ्यात गुडघ्यावर बसून वळलीस, ते कुणाचं आहे तेही मला माहीत आहे. यातलं तुझं काय?"

"माझं म्हणजे? सगळं मीच तर नाचले."

"नाचलीस तू. केलं कुणी?"

भर बाजारात कुणीतरी थोबाडीत द्यावी तसं भिंगरीला झालं. बारा वर्षं ती मोबाइलवर बघून बघून नाच उचलत आली होती, आणि एवढं हुबेहूब उचलते याचाच तिला अभिमान होता. तिला कुणी चोर म्हटलं नव्हतं. बाईंनीही म्हटलं नव्हतं. तरी कान तापले.

"शहरात आमची नाचाची मंडळी आहे," बाई म्हणाल्या. "बारमाही काम. एक जागा रिकामी आहे. पुढच्या महिन्यातल्या पहिल्या रविवारी, सकाळी दहाला ये. दहा मिनिटांचा नाच आण. पण कुणाचा नको."

त्यांनी पत्ता लिहून दिला आणि त्या गेल्या. दोरवाला सगळं ऐकत होता. "बाईंनी गोड बोलून सालटं काढली की गं तुझी!" तो म्हणाला.

बारमाही काम. भिंगरी घरी येईपर्यंत तेच घोकत होती. बाजारात दर वर्षी तिच्याहून कोवळ्या मुली येत होत्या. आणखी चार-पाच वर्षांत तिचे गुडघे बोलायला लागले असते आणि उरलं असतं ते भट्टीवरचं, आईच्या शेजारचं पाट टाकून बसणं. आईचं कंबरडं तिनं पाहिलं होतं. सकाळी उठताना आई आधी भिंत धरायची, मग खाट सोडायची. ती जागा भिंगरीला हवी होती. इतकी हवी होती की कुणाला सांगायची तिला भीती वाटत होती.

*

अंगणात ती रोज नवा नाच करायला उभी राही. हात वर केला की तो कुणाचा तरी निघे. मान वळवली की तीही कुणाची तरी. स्वतःच्या अंगात इतके लोक राहतात आणि आपणच तेवढे नाही, हे कळल्यावर ती हबकली.

"नाचतेस की माशा हाकतेस?" आईनं विचारलं.

"नवीन करतेय, आई."

"मग जरा जोरात कर. माशा अजून इथंच आहेत."

मास्तर ओट्यावर बसून असत. मुकादमानं त्यांना भाजलेल्या विटा वाहायचं काम देऊ केलं होतं. ते दोन दिवस गेले, तिसऱ्या दिवशी तळवे भाजून परत आले. चिखलात मऊ राहिलेले ते पाय तापलेल्या जमिनीचे नव्हतेच. आता ते भिंतीला टेकून डोळे मिटून बसत आणि कुणी काही विचारलं तर हं म्हणत.

एका दुपारी भिंगरी थकून त्यांच्या पायाशी बसली. मास्तरांना डुलकी लागली होती, पण पाय जागे होते. आधी टाच टेकत होती, मग तळव्याची कड, मग एकेक बोट. डावा, उजवा, डावा. मध्येच डावा थांबला. अख्खा माणूस थांबला, श्वाससुद्धा. मग पाय हलकेच पुढे गेला. कोरड्या ओट्यावर माणूस झोपेत माती तुडवत होता.

भिंगरीनं हाक मारली, "बाबा, मला तुडवायला शिकवा."

मास्तरांनी डोळे उघडले. "कशाला? यंत्राच्या पोटात जायचंय?"

"शिकवा तरी."

"काही नको. झालं ते झालं."

भिंगरी काही कमी हट्टी नव्हती. तिनं घरामागं कुदळीनं खड्डा खणला, माती टाकली, पाणी ओतलं आणि आत उतरून थपाथप पाय आपटायला लागली. मास्तरांनी अर्धा तास ते ऐकलं. मग त्यांना राहवेना. ते मागच्या दारात येऊन ओरडले, "अगं, मातीला मारतेस काय? तिनं काय केलंय तुझं?"

"मग कसं करू?"

"टाच आधी. पाय टाकायचा नाही, ठेवायचा. बाहेरून आत यायचं, गोल गोल, एक बोटभर जागा सोडायची नाही." ते धोतर खोचून खड्ड्यात उतरलेच. "आणि खडा लागला की थांबायचं. तिथल्या तिथं. एक पाऊल पुढं गेलीस की खडा हरवला. सगळा भार दुसऱ्या पायावर घ्यायचा, वाकायचं, काढायचा आणि पाठीमागं फेकायचा. फेकताना बघायचं नाही."

"का नाही?"

"नजर गेली की पाय विसरतो."

दहा दिवस ते तिला शिकवत होते. तिच्या पोटऱ्यांत गोळे आले, नखं फुटली, कंबर धरली. मास्तरांच्या तोंडाला मात्र पुन्हा चव आली. "पाय आहे तुझा," एकदा ते म्हणाले, आणि आईनं धुवायला घरी आणलेला साचा हातात धरूनच वर बघितलं. तीस वर्षांत त्यांनी कुणाच्या पायाला चांगलं म्हटलं नव्हतं. भिंगरीनं रविवारचं एकट्या आईच्या कानावर घातलं होतं, त्यांना काहीच सांगितलं नव्हतं. त्यांना वाटत होतं, मुलगी आपलं काम पुढं चालवायला शिकते आहे. तिनं तसं वाटू दिलं, हा तिचा दोष.

*

त्यानंतरच्या बाजारी तिनं स्पीकरवर नुसता ढोल लावला आणि गोल तुडवत आत आली. हात कमरेवर, मान किंचित कलती, डोळे मिटलेले. दर आठव्या ठोक्याला थांबणं, वाकणं, खडा उचलणं, न बघता मागं फेकणं. सात खडे. लोकांनी असं काही पाहिलं नव्हतं. भट्टीवरचा एक गडी ओरडला, "अरे, हे तर आपले खडेमास्तर!"

हशा पिकला. कुणी शिट्टी मारली, कुणी तिच्या मागं कमरेवर हात ठेवून चालायला लागला. पण टाळ्याही पडल्या, कधी नव्हे इतक्या. जमलं होतं. हे कुठल्याच मोबाइलवर नव्हतं. सातवा खडा फेकून तिनं डोळे उघडले, तेव्हा दोरवाल्याच्या शेजारी मास्तर उभे होते. हातात नव्या चपलांचा जोड. विटा वाहायला पुन्हा जायचं मनात घेऊन ते आयुष्यातली पहिली चप्पल विकत घ्यायला आले होते.

मास्तरांनी चपला काखेत मारल्या आणि ते अनवाणी निघून गेले.

तीन दिवस ते तिच्याशी बोलले नाहीत. चौथ्या दिवशी उजाडताना दाट धुकं पडलं आणि भट्टीवरून आवाज यायला लागले, टक्, टक्, फट्. सगळे धावले. यंत्राच्या गाऱ्याच्या, परवाच भट्टीतून काढून रचलेल्या विटा उभ्याउभ्या फुटत होत्या. एकेका विटेच्या पोटातून पांढरं चुन्याचं बोट बाहेर येत होतं. मुकादमाचा चेहरा त्याहून पांढरा झाला होता. तो आईवर घसरला, "साचे नीट भरत नाही तुम्ही बायका!"

"साचा मी भरते," आई म्हणाली, "आतला खडा मी नाही गिळला."

दुपारी मुकादम घरी आला. पाणीसुद्धा मागितलं नाही, उभ्याउभ्याच म्हणाला, "मास्तर, आधी तुम्ही पाय फिरवा, मग यंत्रात घालू. उद्यापासून या." मास्तरांनी होकाराची मान हलवली. एवढंच. जिंकल्याचा आनंद नाही, टोमणा नाही. भिंगरीला वाटलं, आता तरी हे मोकळं बोलतील.

बोलले ते संध्याकाळी, पाय धुताना.

"लोक हसले म्हणून रागावलात ना, बाबा?" तिनंच सुरुवात केली. "मी तुमची टर नाही उडवली. मला रविवारी शहरात..."

"आईनं सांगितलं मला रविवारचं. आणि हसतात तर हसू देत. चिखलातल्या माणसाला हसतातच." त्यांनी तांब्या खाली ठेवला. "तू सात वेळा थांबलीस."

"हो."

"सातही वेळा त्याच ठोक्यावर. खडा काय ढोल ऐकून लागतो?"

भिंगरीनं खाली ठेवलेला तांब्या उचलून पुन्हा भरला.

"खडा नव्हता आणि तू वाकलीस. मी तीस वर्षांत नसलेल्या खड्याला एकदाही वाकलो नाही. मुकादम बघत असो की नसो. तू माझं सगळं उचललंस, आणि तेवढं एक टाकून दिलंस."

टर, अपमान, फसवणूक, या सगळ्यांची उत्तरं तिनं तीन दिवस तयार करून ठेवली होती. त्यातलं एकही कामाचं नव्हतं. बाजारातल्या बाईंचा प्रश्न ओट्यावर येऊन बसला होता. आधी परक्यांचं उचलत होती, आता बापाचं उचललं, आणि तेही खोटं.

"मग काय करू? जमिनीत खडे पेरू?"

"मला काय विचारतेस?" मास्तर उठले. "नाच तुझा आहे ना?"

*

पेरायचेच तिनं ठरवलं. आईनं गोणपाटाच्या आठ गोण्या उसवून एक मोठी पथारी शिवली. मास्तर गाऱ्यातून निघालेले चुनखडीचे खडे फडक्यात बांधून घरी आणायला लागले. "हे घे. खरे आहेत," पहिल्या दिवशी ते म्हणाले. भिंगरी भिंतीकडे तोंड करून उभी राही, ते गोणपाटाखाली सहा खडे लपवत आणि ती उतरे. ढोल बंद केला होता. जिथं पायाला लागेल तिथंच थांबायचं.

नाच रोज वेगळा होई. एकदा दोन मिनिटांतच सहाही खडे सापडले आणि ती मध्यभागी हात लोंबकळत उभी राहिली. "उरलेल्या वेळात केर काढ," आई म्हणाली. एकदा अर्धा तास गेला. रविवार जवळ आला तशी तिची झोप उडाली. दहा मिनिटांचा नाच हवा होता, आणि तिचा नाच किती मिनिटांचा असेल हे तिलाच सांगता येत नव्हतं.

*

मंडळींची खोली लांबरुंद होती, खाली गुळगुळीत फरशी. चष्मेवाल्या बाई आणि आणखी चौघं खुर्च्यांवर बसली होती. भिंगरीच्या आधी सहा जण नाचून गेले होते, एकाहून एक तयारीचे. मास्तरांनी नव्या चपला दाराशी काढल्या, पथारी अंथरली. भिंगरी भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. मागं गोणपाट उचलल्याचा, टेकवल्याचा आवाज आला. मग मास्तर म्हणाले, "हं. सहा."

ती उतरली. टाच, कड, बोटं. खोलीत आवाज फक्त तिच्या पायांचा. पहिला खडा तिसऱ्याच पावलाला लागला आणि ती अशी थांबली की एका खुर्चीवरचा माणूस दचकला. वाकली, गोणपाटावरूनच खडा चिमटीत धरून कडेपर्यंत सरकवत नेला, काढला, मागं फेकला. खडा फरशीवर टणटणत गेला. दुसरा. तिसरा लागला तेव्हा ती एका पायावर होती, पडता पडता सावरली, आणि ते सावरणंही नाचात गेलं. चौथा. पाचवा.

सहावा लागेना.

ती बाहेरून आत आली, आतून बाहेर गेली. बाईंनी घड्याळ बघितलं. शेजारचा माणूस हळूच म्हणाला, "वेळ झाली." भिंगरीनं ते ऐकलं. आता कुठंही थांबावं, वाकावं, मूठ मिटून हात मागं झटकावा. या पाच जणांत कुणाच्या बापाला कळणार होतं? कळणारा एकच माणूस खोलीत होता, आणि तो तिचाच बाप होता. जागा समोर होती. बारमाही काम, आईचं कंबरडं, सगळं त्या एका खोट्या वाकण्यावर येऊन ठेपलं होतं.

ती वाकली नाही. पायांनी विचारून झालं तेव्हा ती गुडघ्यांवर आली आणि गुडघ्यांनी विचारलं. मग तळहातांनी, कोपरांनी, पाठीनं. पथारीवर आडवी होऊन ती लोळत कडेपर्यंत गेली आणि परत आली, गाल गोणपाटाला घासत, दमलेली, घामानं निथळत. मास्तरांनी असं कधी केलं नव्हतं. कुणीच कधी केलं नव्हतं. तिला ते कळतही नव्हतं; तिला खडा हवा होता. खुर्चीवरच्या कुणी पुन्हा वेळेचं नाव काढलं नाही. बोटभर जागा उरली नाही तेव्हा ती मध्यभागी उभी राहिली. छाती भात्यासारखी हलत होती. ती रडकुंडीला येऊन मोठ्यानं म्हणाली, "नाही. इथं खडा नाही."

मास्तर दाराजवळून पुढे आले आणि त्यांनी मूठ उघडली. सहावा खडा त्यांच्या हातात होता.

भिंगरीचा डोळ्यांवर विश्वास बसेना. "बाबा! आज? आजच्या दिवशी?"

"मग कधी बघणार होतो?" मास्तर म्हणाले.

बाई खुर्चीतून उठून पथारीपर्यंत आल्या होत्या. त्यांनी मास्तरांना विचारलं, "हे शेवटचं, पाठीनं शोधत गेली ते, तुम्ही शिकवलंत?"

"छे हो," मास्तर म्हणाले. "मला खडा नेहमी सापडायचा. ते तिचं."

बाईंनी मान डोलावली, आणि सोमवारपासून यायला जमेल का, असं भिंगरीला विचारलं. बाईंना ते दुसऱ्यांदा विचारावं लागलं. भिंगरी बापाकडेच बघत होती. मास्तरांनी खडा तिच्या तळहातावर ठेवला. तो ओला आणि गरम झाला होता, आणि त्यांच्या हातावर त्याच्या कडांचे लाल वळ उठले होते.